मूळ, बोळवण आणि वर्षाचे तिखट : दोंडाईचा परिसरातील अपत्यप्रेमाच्या रीतींचा इतिहास

तापीच्या दक्षिणेस, अमरावती नदीच्या काठी वसलेले दोंडाईचा हे धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यातील गाव लाल मिरचीची पेठ आणि सुरत-भुसावळ लोहमार्गावरील स्थानक म्हणून महाराष्ट्राला परिचित आहे. परंतु या गावात आणि त्याच्या भोवतालच्या अहिराणी बोलणाऱ्या खेड्यांत आईबापांनी आपल्या लेकरांवर कोणत्या रीतीने माया केली, याची नोंद इतिहासाच्या रूढ साधनांत फारशी सापडत नाही. १८८० साली प्रसिद्ध झालेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बारावा खंड खानदेशातील पिके, सारा, रस्ते, बाजार आणि जातीजमाती यांची तपशीलवार माहिती देतो, आणि १९०७ साली ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाने ‘खानदेशी’ या नावाखाली इथल्या बोलीचे नमुनेही छापले. मात्र घराच्या उंबऱ्याआड रोज घडणाऱ्या गोष्टी सरकारी लेखणीच्या कक्षेत येत नव्हत्या. त्यांचा माग घ्यावयाचा तर जात्यावरच्या ओव्या, सणावारांच्या रीती, लेकरांची नावे, बाळाचे कपडे आणि पंचांग यांच्याकडे वळावे लागते, आणि तसे वळले असता एक गोष्ट ठळकपणे दिसते : या प्रदेशात अपत्यप्रेम बोलून दाखवण्याची मुभा फार थोडी होती, म्हणून ते कामात, अन्नात आणि ठरलेल्या तिथींत साठवले गेले, आणि त्यामुळेच लग्नाचे वय, पिकांचा हंगाम, प्रवासाची साधने व शाळा यांत बदल झाला की माया करण्याच्या रीतीही बदलत गेल्या.

ही मुभा नसण्याचे मूळ एकत्र कुटुंबाच्या शिस्तीत होते. वडीलधाऱ्यांच्या देखत बापाने आपल्या मुलाला उचलून घेणे, त्याचा मुका घेणे किंवा त्याच्यासाठी वेगळी वस्तू आणणे हे मर्यादाभंगाचे समजले जाई, आणि नव्या सुनेलाही सासूसमोर तान्ह्याचे फार कोडकौतुक करता येत नसे. घरातील सर्व मुले ही घराची मुले होती, त्यांना न्हाऊ-माखू घालणारी आजी किंवा थोरली काकू असे, आणि या व्यवस्थेची खूण संबोधनांतही उमटलेली होती : काका-आत्या जे म्हणत तेच ऐकून मुले जन्मदात्या बापाला ‘दादा’, ‘भाऊ’ किंवा ‘आबा’ म्हणत आणि अनेक घरांत आईलाही ‘वहिनी’ म्हणत. आठवड्याच्या बाजारातून परतणारा बाप गोडीशेव, रेवड्या किंवा फुटाण्यांची पुडी आणी, पण ती आपल्या मुलाच्या हातात न देता म्हातारीच्या हवाली करी, आणि तिने ती सर्व नातवंडांत सारखी वाटावी असा संकेत होता. या अबोल्याला पुढच्या पिढ्यांनी कोरडेपणा म्हटले. परंतु जो बाप दिवसभर नांगर धरून किंवा गाडी हाकून रात्री ज्वारीच्या चिपाडांची, म्हणजे वाळलेल्या ताटांच्या कांड्यांची, छोटी गाडी करून मुलाच्या उशाशी ठेवी, त्याला कोरडे म्हणणे अन्यायाचे आहे.

बाळाच्या पहिल्या वर्षातील रीतींत तर मायेइतकीच भीतीही भरलेली होती, आणि त्या भीतीला आधार होता. विसाव्या शतकाच्या आरंभी भारतात जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी सुमारे २०० बालके पहिला वाढदिवस पाहत नसत, आणि १८९९-१९०० चा दुष्काळ तसेच त्या दशकातील प्लेग यांचा खानदेशाला मोठा तडाखा बसला होता. आधीची मुले दगावलेल्या घरात नव्या मुलाला दगडू, धोंडू, भिका किंवा उखर्डू अशी नावे ठेवीत; उखर्डू म्हणजे उकिरड्यावरचा, ज्याच्याकडे काळाने पुन्हा वळून पाहू नये असा. पहिले बाळंतपण मुलीच्या माहेरी होई आणि बाळाला घेऊन ती सासरी निघाली की आजोळहून बाळंतविडा दिला जाई, म्हणजे अंगडे, टोपरे, दुपटे आणि कुंची असा कपड्यांचा संच. कुंची हा डोके व पाठ एकत्र झाकणारा, मागे सैल सुटणारा पोशाख खणाच्या कापडातून घरीच शिवला जाई. त्याखाली पसरायची गोधडी मात्र मुद्दाम जुन्या लुगड्यांची असे, कारण शेकडो वेळा धुतलेले सूत नव्या कापडापेक्षा बाळाच्या कातडीला मऊ लागते, आणि आईच्या अंगावरचा वास त्यात राहतो असे बायका सांगत. शेतात जाणारी बाई याच लुगड्याच्या पट्ट्याची झोळी बांधावरच्या बाभळीला किंवा निंबाला बांधी, निंदणीची एक पात, म्हणजे ओळ, पुरी झाली की येऊन झोका देई आणि पुन्हा दुसऱ्या पातीला लागे.

दृष्ट काढण्याच्या रीतीत मिरचीच्या या मुलखाने आपले पीकही वापरले. मीठ, मोहरी आणि सुक्या लाल मिरच्या मुठीत घेऊन त्या बाळावरून ओवाळायच्या आणि चुलीत टाकायच्या. ठसका उठला नाही तर दृष्ट खरोखरच लागली होती, असे मानले जाई. या समजुतीला शास्त्राचा आधार नाही हे उघड आहे, पण त्यातील कृती नीट पाहिली तर दिवसभर दुसऱ्यांच्या आज्ञेत वावरणाऱ्या आईला संध्याकाळी काही क्षण आपल्या मुलासमोर उभे राहण्याचा, त्याच्याकडे एकटक पाहण्याचा आणि त्याचे भले व्हावे असे मोठ्याने म्हणण्याचा हक्क मिळत होता, आणि तो हक्क सासूलाही नाकारता येत नव्हता. जावळ, म्हणजे बाळाचे पहिले केस, काढण्यासाठी कुलदेवतेला जाण्याचा रिवाजही असाच होता. धुळ्याच्या पांझराकाठची एकवीरा, साक्री तालुक्यातील म्हसदीची धनदाई, शिंदखेड्याजवळच्या पाटणची आशापुरी या देवतांच्या दारी बैलगाड्यांनी जाणारी कुटुंबे नवस फेडत, आणि त्या प्रवासात आई, बाप व मूल ही तिघे घरच्या शिस्तीबाहेर काही काळ एकत्र राहत.

खानदेशाचा उन्हाळा कडक आहे; पारा चाळिशीपलीकडे जाऊन दिवसचे दिवस तसाच राहतो, आणि त्या उन्हातून मूल शाळेला किंवा गुरांमागे निघाले की त्याच्या खिशात कांदा ठेवणे, परतल्यावर कैरीचे पन्हे देणे ही आईची रोजची कामे होत. मातीच्या सपाट छपराची घरे इथे धाब्याची घरे म्हणून ओळखली जातात. दिवसभर तापलेल्या या धाब्यावर संध्याकाळी पाणी शिंपडून अंथरुणे टाकली जात, आणि अंधारामुळे वडीलधाऱ्यांची नजर बोथट झाली की बापाचा हात मुलाच्या पाठीवर फिरे. याच दिवसांत वाळवणे होत. कुरडईसाठी शिजवलेला गव्हाचा चीक आणि बिबड्यांसाठी, म्हणजे ज्वारीच्या पापडांसाठी, शिजवलेल्या पिठाचा गरम गोळा वाटीत तेल घालून मुलांना आधी दिला जाई, आणि मग वाळत घातलेल्या बिबड्यांवरून कावळे हाकायला त्यांनाच बसवले जाई.

परंतु या सर्वांहून मोठा, आणि खानदेशाच्या भावजीवनाचा कणा म्हणावा असा रिवाज म्हणजे आखाजीला लेकीला मूळ पाठवणे. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. मूळ म्हणजे सासरी असलेल्या मुलीला आणण्यासाठी माहेरहून गेलेले बोलावणे, आणि ते घेऊन जाणारा मुराळी हा बहुधा भाऊ, क्वचित चुलता किंवा बाप असे. वैशाख शुद्ध तृतीयेची ही तिथी पुराणांनी पवित्र मानली असली, तरी लेकीला आणण्यासाठी तीच का निवडली गेली याची कारणे शेतीत आहेत : रब्बी घरात आलेली असते, कापसाचे पैसे हाती पडलेले असतात, खरिपाची नांगरणी-पेरणी अजून दूर असते, आंबा पिकू लागतो, आणि नद्या-नाले कोरडे पडल्यामुळे दमणी, म्हणजे बसण्यासाठी केलेली हलकी बैलगाडी, कोणत्याही वाटेने जाऊ शकते. सालदाराचा, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचा, करारही आखाजीपासून आखाजीपर्यंतच असे, त्यामुळे ज्याच्याकडे स्वतःचे वावर नव्हते अशा बापालाही हाच दिवस हिशेबाचा आणि मुलांच्या अंगावर नवे कापड घालण्याचा होता.

या रिवाजाचे वजन समजण्यासाठी त्या काळचे लग्नाचे वय ध्यानात घ्यावे लागते. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेली, तेव्हाही त्यावरून मोठे वादळ उठले. मुलीच्या लग्नाचे किमान वय १४ ठरवणारा शारदा कायदा १९२९ साली मंजूर होऊन १९३० च्या एप्रिलपासून अमलात आला, आणि तोही खेड्यापाड्यांत बराच काळ कागदावरच राहिला. म्हणजे जिला मूळ जाई ती सासुरवाशीण पुष्कळदा दहा-बारा-तेरा वर्षांची पोर होती. जळगावजवळच्या आसोद्यात १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांचे लग्न तेराव्या वर्षी झाले. त्यांचे सासर जळगावात, माहेरापासून थोड्याच किलोमीटरांवर होते, तरी माहेर, माहेरची वाट आणि आखाजी हे त्यांच्या काव्याचे जिव्हाळ्याचे विषय झाले, आणि १९५२ साली, त्यांच्या मृत्यूच्या दुसऱ्या वर्षी, ती कविता पुस्तकरूपाने आली तेव्हा हे दुःख साऱ्या महाराष्ट्राला कळले. अंतर कोसांत नव्हते, परवानगीत होते. सासरच्यांनी ‘धाडत नाही’ म्हटले की मुराळी रिकाम्या गाडीने परते, आणि त्या घरात आखाजीचा सण गोड लागत नसे.

लेक आली की मात्र घराची शिस्त काही दिवस उलटी फिरे. तिला चुलीपाशी बसू देत नसत. निंबाच्या किंवा चिंचेच्या मजबूत फांदीला दोर टाकून झोका बांधणे हे बापाचे व भावांचे काम असे, आणि त्या झोक्यावर गावभरच्या माहेरवाशिणी अहिराणी गाणी म्हणत. खापरावर भाजलेले पुरणाचे मांडे, आमरस आणि सांजोऱ्या, म्हणजे गोड सांजा भरून तळलेल्या करंज्यांसारख्या वस्तू, हे त्या दिवसांचे जेवण होते. गौराईची स्थापना करून तिच्यापुढे टोपलीत गहू पेरले जात, आणि ही गौराई स्वतःही माहेरी आलेली लेकच मानली जाई. त्याच दिवशी घरात पाण्याने भरलेली घागर मांडून, तिच्यावर आंबा किंवा डांगर, म्हणजे खरबूज, ठेवून दिवंगत आईबापांना व पूर्वजांना पाणी दिले जाई; एकाच तिथीला वरच्या पिढीचे ऋण आणि खालच्या पिढीचे लाड एकत्र आणणारी ही योजना खानदेशी मनाची फार सुंदर निर्मिती आहे. परतताना बोळवण होई, म्हणजे ओटी भरून, लुगडे-चोळी देऊन, बांगड्या भरून आणि सासरच्या माणसांसाठी शिदोरी बांधून पाठवणी होई, आणि गरिबातील गरीब घरही यासाठी सावकाराच्या दारी जायला मागेपुढे पाहत नसे.

लहान मुलींसाठी असाच एक हलका प्रकार भाद्रपद पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत चाले. गुलाबाई आणि गुलोजी यांच्या मातीच्या मूर्ती मांडून मुली घरोघर गाणी म्हणत, आणि शेवटी झाकलेल्या डब्यात कोणता खाऊ आहे तो ओळखण्याचा खेळ होई. तो ओळखू येऊ नये म्हणून आया रोज नवी युक्ती लढवीत. कामाच्या रगाड्यात आईने आपल्या मुलीशी खेळलेला हा जवळजवळ एकमेव मान्यताप्राप्त खेळ होता. गाणी मात्र सासरच्या जाचाची आणि माहेरच्या ओढीची असत, म्हणजे खेळता खेळता मुलगी पुढच्या आयुष्याची उजळणी करीत होती.

१९०० च्या सुमारास तापी खोऱ्यातील रेल्वे सुरू झाली आणि सुरत, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगाव ही गावे एका रुळावर आली. १९०६ साली खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले आणि दोंडाईचा पश्चिम खानदेशात गेले. पुढे त्याच जिल्ह्याला धुळे हे नाव मिळाले. रेल्वेने कापूस आणि मिरची बाहेर नेली, तशीच मुराळ्याची वाटही सोपी केली, कारण दोन दिवसांची गाडीवाट काही तासांवर आली. मात्र तिनेच सुरतेच्या गिरण्यांची वाट मुलांना दाखवली, आणि आईबापांना आता लेकीबरोबर लेकाचीही वाट पाहावी लागू लागली. श्रावणात येणाऱ्या कानबाईच्या उत्सवाला, ज्यात भाऊबंद एकत्र येऊन रोट, म्हणजे देवीच्या नैवेद्याची जाड पोळी, खातात, सुरतेहून येणाऱ्या खानदेशी कामगारांची गर्दी होऊ लागली ती याच ओढीने. पुढे त्यांनी ही देवी सुरतेतही नेली.

याच रुळावरच्या अमळनेरात १९२४ साली साने गुरुजी प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक म्हणून आले. वसतिगृहातील मुलांच्या आजारपणात त्यांची सेवा करणे, त्यांची अंथरुणे आवरणे, खोल्या झाडणे ही कामे त्यांनी उघडपणे केली, आणि ज्या मुलखात बापाला स्वतःचे मूल उचलायला संकोच वाटे तिथे एका पुरुषाने दुसऱ्यांच्या मुलांची अशी सेवा करणे ही साधी घटना नव्हती. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिले. त्यातील आई कोकणातील पालगडची आहे, पण ते पुस्तक १९३५ साली आल्यावर खानदेशातील घराघरांत वाचले गेले आणि आईच्या मायेविषयी बोलण्यासाठी मराठी माणसाला मोकळी भाषा मिळाली. स्त्रियांच्या ओव्या गोळा करून ‘स्त्री जीवन’ हा संग्रह त्यांनी केला, त्याचे ऋण इतिहासाच्या अभ्यासकावर आहे, कारण बायकांनी पहाटे जात्याजवळ जे म्हटले तेच या विषयाचे सर्वांत जुने दप्तर आहे.

दोंडाईच्यात मिरचीचा व्यापार वाढला तशी मायेच्या इतिहासात एक कठीण बाजूही आली. मोकळ्या जागेत मिरची वाळत घालण्याच्या पथाऱ्यांवर बायका मिरच्यांचे देठ खुडतात, ढीग उलथतात, आणि दिवसाअखेर हातांची आग होते. त्या हाताने तान्ह्याच्या तोंडाला, डोळ्यांना स्पर्श करता येत नाही. अंगाला तेल लावणे, जेवण भरवणे ही कामे मग थोरल्या बहिणीकडे जातात, आणि तीच बहीण शाळेतून सुटते. मजूर आईची माया मुलाला कुरवाळण्याच्या वेळेतून कापली जाऊन त्याच्या फीमध्ये, गणवेशात आणि वहीत उतरली, आणि ही देवाणघेवाण ज्यांच्या वाट्याला आली त्यांच्याबद्दल लिहिताना सणांच्या वर्णनाइतकीच जागा तिला मिळाली पाहिजे.

१९४८ साली एसटी सुरू झाली आणि पुढच्या काही दशकांत शिक्षणासाठी तालुक्याला किंवा जिल्ह्याला राहणाऱ्या मुलांचे डबे सकाळच्या गाडीने जाऊ लागले. फडक्यात बांधलेल्या डब्यात कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी व उडीद एकत्र दळून केलेली भाकरी, ठेचा आणि एखादी भाजी असे. वाहक तो ओळखीने नेई आणि मुलगा स्थानकावर उतरवून घेई. जी मुले पुण्या-मुंबईला गेली त्यांच्यासाठी रोजचा डबा शक्य नव्हता, म्हणून वर्षाचा डबा तयार झाला : उन्हाळ्यात मिरची घेऊन, देठ काढून, वाळवून आणि दळून केलेल्या तिखटाचे लेकीसुनांच्या नावाने वाटे पडतात, त्यांबरोबर बिबडे, कुरडया आणि पापड जातात, आणि खासगी बसच्या टपावरून ही पोती शहरांत उतरतात. लेक आता चाळिशीची, स्वतः कमावती असली तरी तिच्या वाट्याचे तिखट माहेरहूनच यावे, हा आग्रह आईबापांचा असतो.

मुली उशिरा लग्न करू लागल्या, शिकल्या, त्यांच्या हातात फोन आला, आणि ‘धाडत नाही’ म्हणण्याची सासरची सत्ता ओसरली. त्याबरोबर मुळाची निकडही संपली. मात्र माहेरचे देणे किती, याचा प्रश्न वेगळ्या जागी उभा राहिला. १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली देशाने हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला वडिलार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. बाप गेल्यावर हक्कसोड पत्रावर, म्हणजे आपला वाटा भावांच्या नावे सोडल्याच्या दस्तावर, बहिणींच्या सह्या घेण्याची पद्धत तरीही अनेक घरांत चालू राहिली, आणि त्यामागचा तर्क बहुधा असाच सांगितला जातो की जमीन घेतली तर आखाजीचे बोलावणे बंद होईल. शतकभर लुगडे-चोळी हीच लेकीच्या मायेची मर्यादा मानणाऱ्या समाजात हा तर्क कसा रुजला हे समजते. पण तेरा वर्षांच्या सुनेसाठी, जिला माहेराखेरीज आधार नव्हता, घडवलेली ही रीत कायद्याने सज्ञान व समान असलेल्या मुलीवर लादली जाते तेव्हा तिच्यातील माया निघून जाते आणि सौदा उरतो. ज्या घरांत आईबापांनी आपल्या हयातीतच लेकीचा वाटा लेखी करून ठेवला आहे, तिथे आखाजीला झोका आणि सातबारावर नाव ही दोन्ही एकाच लेकीच्या वाट्याला आली आहेत.